वहीतला चौथा रकाना

मुकादमाच्या खिशातल्या वहीत पूर्वी तीनच रकाने असायचे. हजेरी, खाडा आणि उचल. कोण आला, कोण नाही आला, कुणी किती पैसे आधी नेले, एवढ्यात टोळीचा महिना मावायचा. गेल्या काही उन्हाळ्यांपासून त्याने चौथा रकाना आखला आहे. त्याला नाव दिलेलं नाही. ज्या दिवशी टोळीतल्या कुणाला ऊन लागतं, त्या दिवशी त्या नावापुढे तो एक छोटा गोल काढतो. कुणाला भोवळ आली, कुणाचा घोळणा फुटला, कुणाच्या पायात गोळे आले, कुणाला उलट्या झाल्या. सगळ्यांचा गोल एकच.

हा मुकादम मूळचा लातूर जिल्ह्यातला. वीसेक वर्षांपूर्वी तो बिगारी म्हणून पुण्यात आला, मजूर अड्ड्यावर उभा राहिला, घमेली वाहता वाहता सेंटरिंगचं काम शिकला. आता पौड रस्त्यावरच्या भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात तो वीस-बावीस माणसांची टोळी चालवतो. त्याने भूगाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मानस तलावाच्या बाजूला मोकळी शेतं होती आणि ऐन उन्हाळ्यातही पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागे. २०२१ साली पुणे महापालिकेची हद्द वाढली, शेजारचं बावधन बुद्रुक शहरात गेलं आणि भूगाव ग्रामपंचायतीतच राहिलं. पण शहराने हद्दीची वाट पाहिली नाही. चांदणी चौकापलीकडे इमारती उठत गेल्या. त्यांतल्या काहींचे स्लॅब या माणसाच्या टोळीने बांधलेल्या सेंटरिंगवर पडले आहेत.

चौथा रकाना कसा आला, ते कळायला आधी काँक्रीटचे लाड समजून घ्यावे लागतात.

काँक्रीट उन्हाला फार हळवं असतं. हवा तापलेली आणि कोरडी असली की त्यातलं पाणी झपाट्याने उडतं, ते लवकर आवळतं आणि वरच्या थरावर केसासारख्या भेगा पडतात. म्हणून त्याच्यासाठी नियम आहेत. भारतीय मानक संस्थेचं ७८६१ क्रमांकाचं मानक सांगतं की हवेचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की ते 'उष्ण हवेतलं काँक्रीट' समजावं आणि त्याची वेगळी काळजी घ्यावी. खडी सावलीत ठेवावी, गार पाणी वापरावं, गरज पडली तर बर्फ घालावा, भरणी संध्याकाळी किंवा रात्री करावी. दुसरं मानक, ४५६ क्रमांकाचं, सांगतं की साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारलं पाहिजे आणि हवा उष्ण, कोरडी असेल तर किमान दहा दिवस. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवतात. शिवाय प्रत्येक कॉलमवर रंगाने तारीख लिहितात. कोणत्या दिवशी भरला, किती दिवस पाणी झालं, यात चूक होऊ नये म्हणून. इंजिनिअर येतो तेव्हा आधी ती तारीख बघतो.

त्या कॉलमला गोणपाट गुंडाळणाऱ्या माणसावर कुणी तारीख लिहीत नाही. तो आज कामावर नवा आहे की महिन्याचा जुना, काल त्याला चक्कर आली होती की नाही, याची नोंद कुठेच नसते. मुकादमालाही हे कधी खटकलं नव्हतं. ऊन हे कामाचा भाग आहे, पाऊस आला की काम थांबतं, उन्हाने थांबत नाही, असंच तो धरून चालला होता. सावलीत टेकलेल्या माणसाला तो कामचुकार समजायचा, असं तो आज स्वतः सांगतो.

एका एप्रिलमध्ये टोळीत ताम्हिणीकडच्या एका गावातला पोरगा आला. वय वीसच्या आतबाहेर. डोंगरात वाढलेला, पावसात आणि चिखलात दिवसभर राबायची सवय असलेला, अंगाने काटक. तिसऱ्या दिवशी त्याला प्लेटा लावायच्या कामावर घेतलं. लोखंडी शटरिंग प्लेट दुपारी एवढी तापते की उघड्या हाताने धरली तर तळव्याला फोड येतो. सळई तशीच. खालून पत्रा तापलेला, वरून ऊन, चारही बाजूंनी बांधकामाच्या भिंती, वारा नाही. दीडच्या सुमाराला पोरगा बोलेनासा झाला. हाक मारली तर भलतंच उत्तर देऊ लागला. मग गुडघ्यावर बसला आणि तसाच आडवा झाला. स्लॅबच्या कडेपासून तो चार हातांवर होता.

टोळीतल्या एका मावशींनी पहिल्यांदा ओळखलं. "भाऊ, त्याला ऊन बाधलंय. अंग बघा, तव्यासारखं लागतंय." त्याला खाली आणलं, जिन्याखालच्या सावलीत निजवलं. कुणी तोंडात पाणी ओतायला धावलं, तेव्हा त्याच मावशींनी हात धरला. बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही, ते फुप्फुसात जातं. कॉलमवरची ओली गोणपाटं सोडवून त्याच्या अंगावर टाकली, टँकरचं पाणी ओतलं, प्लायवुडच्या तुकड्याने वारा घातला. वीस मिनिटांनी त्याने डोळे उघडले. मग जवळच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. पोरगा वाचला.

मावशींनी जे केलं ते अगदी बरोबर होतं, हे मुकादमाला पुढे एका आरोग्य शिबिरात कळलं. राबणाऱ्या स्नायूंतून उष्णता निघते. ती बाहेर टाकायला शरीराजवळ मुख्य उपाय घामाचा. घाम उडतो तेव्हा अंग गार होतं. पाणी कमी पडलं किंवा हवा दमट, कोंडलेली असली की हा उपाय थकतो. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला की तो उष्माघात, आणि तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. आधी अंग थंड करायचं, त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. आणखी एक गोष्ट तिथे कळली. उन्हात काम करायची सवय शरीराला व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेतली कामगार आरोग्याची सरकारी संस्था सांगते की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत न्यावा. काँक्रीटला सात दिवस, माणसाला पाच दिवस. त्या पोराला ते पाच दिवस कुणी दिले नव्हते.

दवाखान्याच्या कागदावर 'चक्कर व अशक्तपणा' असं लिहिलं होतं. पोरगा चार दिवस खोलीत पडून होता. वहीत त्याचे चार खाडे लागले. मुकादमाने रात्री वही उघडली तेव्हा त्याला दिसलं की महिन्याभरात आणखी कितीतरी खाडे असेच होते. एकाचं पोट बिघडलं होतं, एकाला उन्हाळी लागली होती, एक 'अंग मोडून आलंय' म्हणून झोपून होता. सगळे खाडे एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यातले. कारणं वेगवेगळी लिहिलेली, मूळ एकच. त्या रात्री त्याने चौथी रेघ ओढली.

त्याने जे वहीत केलं, ते अहमदाबादने शहरभर केलं होतं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघाताचे म्हणून नोंदलेले मृत्यू मोजकेच होते, कारण उन्हाने माणूस मरतो तेव्हा दाखल्यावर बहुधा हृदयविकार, मूत्रपिंड किंवा श्वासाचा आजार लिहिला जातो. अभ्यासकांनी वेगळी वाट धरली. त्या महिन्यात शहरात एकूण किती माणसं गेली ते मोजलं आणि आदल्या-पुढच्या वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिलं. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. आकडा समोर आल्यावर महापालिकेला हलावं लागलं आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तिथे तयार झाला: आधी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, दुपारी खुल्या ठेवलेल्या बागा. २०१६ मध्ये नागपूरनेही स्वतःचा आराखडा केला. विदर्भाला ऊन नवं नाही. तिथे दुपारी रस्ते ओस पडतात, कामं पहाटे उरकतात. नागपुरात भर उन्हात वाहनं तिष्ठू नयेत म्हणून दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात. पुणेकरांना मात्र आपल्या हवेचा अभिमान आहे आणि तो अभिमान इथल्या मजुराला महाग पडतो. २०१९ च्या एप्रिलअखेर शिवाजीनगरला पारा ४३ अंशांपर्यंत गेला, तरी दुपारची कामं दुपारीच चालू राहिली.

हवामान विभागाचं पुण्यातलं कार्यालय, ज्याला जुने पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात, ते १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं. देशाच्या हवामानाचा अभ्यास ज्या शहरात एवढी वर्षं चालला आहे, त्या शहराच्या कडेला काम करणाऱ्या मुकादमाला 'लाट' म्हणजे काय हे मात्र अलीकडे समजलं. मैदानी भागात तापमान किमान ४० अंश हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढलेलं हवं, अथवा थेट ४५ किंवा त्याहून वर गेलेलं हवं. तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात. किनाऱ्यासाठी ४० च्या जागी ३७ अंश धरतात. हा पारा मोजतात तो पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर. तापमान मोजायची तीच योग्य रीत. पण त्याच वेळी स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसाला ना सावली असते ना झडपा. वर्तमानपत्रात ३८ अंश छापून येतं, लाट नाही म्हणून इशारा नसतो आणि प्लेटांवर हात भाजत असतात.

३८ अंश कमी नसतात, हे १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्राने पाहिलं. खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसं भर उन्हात तासन्‌तास बसली होती. आसपासच्या केंद्रावर पारा ३८ च्या घरात होता. हवा किनाऱ्यालगतची, दमट. त्या दिवसाने १४ जणांचे प्राण घेतले. ती माणसं राबत नव्हती, बसली होती. मुकादमाने ती बातमी टोळीला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाची वेळ बदलली.

वेळ बदलणं बोलायला सोपं, करायला अवघड. पहाटे सहा ते अकरा आणि दुपारी चार ते सात, असा दिवस त्याने तोडला. पुरुषांना ते जमलं. बायकांचं काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. सहाला कामावर हजर राहायचं तर साडेतीनला उठून पाणी भरायचं, भाकऱ्या करायच्या, पोरांचं आवरायचं. दुपारी पुरुष टेकतात तेव्हा बाई धुणं घेऊन बसते. त्यांची झोप चार तासांवर आली. शेवटी त्यांची वेळ सात ते बारा ठेवली आणि दुपारनंतर त्यांना सावलीतलं काम दिलं: खिळे काढणं, प्लेटा घासणं, गाळे झाडणं.

याहून कठीण गोष्ट बायका बोलत नव्हत्या. त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. साइटवर त्यांच्यासाठी आडोसा नव्हता, म्हणून सकाळी निघताना प्यायच्या ते संध्याकाळी खोलीवर गेल्यावर. उन्हाळी लागणं, कंबर भरून येणं, ताप, हे सगळं त्यातून. मावशींनी एक दिवस स्पष्ट सांगितलं, "माठ ठेवलात ते बरं केलंत भाऊ, पण आधी दार असलेली जागा द्या, मग पाणी पिऊ." १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यानेच कामाच्या जागी पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, तात्पुरता निवारा आणि प्रथमोपचार देणं मालकावर बंधनकारक केलं होतं. कायद्याला इतकी वर्षं झाल्यावर त्या साइटवर पत्र्याचं, पण कडी लागणारं दार आलं, तेही मुकादमाने कंत्राटदाराच्या मागे लागून. माठ वाढले. त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, कॉलमला गुंडाळतात तसंच.

तिसरी अडचण शेजारच्या सोसायट्यांची. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजावर निर्बंध आहेत आणि ते असायलाच हवेत; म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना झोप हवी. पण सहाला काम सुरू झालं तरी तक्रारी येत. एका सोसायटीने आठच्या आधी काहीच नको असा आग्रह धरला. आठला सुरू झालेलं काम दुपारी बाराला अर्धंच होतं आणि उरलेला दिवस उन्हात जातो. सकाळचे ते दोन गार तास कुणाच्या वाट्याला येणार, हे असं गॅलरीत ठरतं. मुकादम त्या सोसायटीच्या सचिवांना जाऊन भेटला. ठोकाठोकी साडेसातनंतर, तोवर बांधणी, माल वर नेणं, पाणी मारणं ही बिनआवाजाची कामं. त्यांनी मान्य केलं. समजावून सांगायला दहा मिनिटं लागली, असं तो म्हणतो.

पैशांचा हिशेब मात्र दहा मिनिटांत सुटणारा नाही. ऊन वाढलं की हजेरी तीच राहते आणि काम कमी उरकतं, किंवा काम अंगावर घेतलेलं असेल तर मजुराचीच कमाई घटते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ च्या अहवालात अंदाज दिला होता की उष्णतेमुळे २०३० मध्ये भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील आणि ते ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे असतील. सर्वाधिक झळ शेती आणि बांधकामाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या पाहणीनुसार एकट्या २०२१ मध्ये देशाने उष्णतेपायी १६,७२० कोटी संभाव्य श्रमतास गमावले. एवढे मोठे आकडे भूगावच्या एका खोलीत पोहोचतात तेव्हा त्यांचं रूप साधं असतं: मेच्या शेवटच्या आठवड्यात उचल वाढते, किराणावाल्याकडे उधारी चढते, गावी पाठवायचे पैसे जूनवर जातात. आणि जूनमध्ये पोरांच्या शाळा सुरू होतात.

यावर काही वाटा सापडल्या आहेत. केरळचा कामगार विभाग उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा आदेश काढतो. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन बाहेरच्या कामाला बंदी आहे. 'सेवा' या स्त्री कामगारांच्या संघटनेने उष्णतेचा विमा सुरू केला. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या ५० हजार स्त्रिया त्यात होत्या. तापमान ठरलेल्या पातळीवर गेलं की दवाखान्याचा कागद न मागता भरपाई मिळते. 'चक्कर व अशक्तपणा' लिहिलेल्या कागदाचं काय होतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या एका अटीचं मोल कळतं. महाराष्ट्रातही बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी जमा होतो. तो ज्याच्याकडे जातो त्या बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला मात्र वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि साइटी बदलत राहणाऱ्या बिगाऱ्याला तोच मिळवणं अवघड जातं. मुकादम आता वहीच्या आधारे आपल्या माणसांच्या दाखल्यांसाठी फिरतो.

दिवसाचं थोडंफार सावरलं, रात्रीचं राहून गेलं आहे. पत्र्याची खोली दिवसभर तापते, चूल किंवा शेगडी आतच, पंखा असला तरी तो गरम हवाच फिरवतो. बारानंतर माणसं चटया घेऊन स्लॅबवर झोपायला जातात, तर दिवसभराचं ऊन प्यालेला स्लॅब खालून उष्णता सोडत असतो. नीट झोप न झालेला माणूस सकाळी सळई वाहतो तेव्हा त्याचा पाय घसरण्याची भीती दुप्पट असते, हे सांगायला मुकादमाला अभ्यास लागत नाही. पुण्यात आजही पाषाणसारख्या झाडा-डोंगरांच्या भागात रात्री लवकर निवतात आणि मगरपट्टा, कोरेगाव पार्कसारख्या दाट वस्तीत किमान तापमान अनेकदा काही अंशांनी जास्त राहतं. भूगावला डोंगर आहेत, राम नदीचा उगम इथल्याच पट्ट्यातला आहे. ती झाडी, तो ओढा आणि तलावाकाठची मोकळी जमीन राहिली तर इथल्या रात्री निवतील. तिथे राहायला आलेल्यांच्याही आणि इमारती बांधणाऱ्यांच्याही.

खोल्यांवर त्याने यंदा पांढरा चुना मारला आणि वर वाळलेलं गवत पसरलं. आतली माणसं म्हणतात, फरक पडतो.

भूगावसारख्या गावांत ज्यांच्या खिडकीतून बांधकाम दिसतं, त्यांच्यासाठी मुकादमाचं सांगणं थोडं आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सहाच्या बिनआवाजाच्या कामाला हरकत घेऊ नका. गेटबाहेर पाण्याचा माठ ठेवा, वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनवर छत घाला, सामान घेऊन येणाऱ्या पोराला दोन मिनिटं पार्किंगच्या सावलीत थांबू द्या. आपल्या सोसायटीत काम चालू असेल तर कंत्राटदाराला विचारा की बायकांसाठी कडी लागणारं दार आहे का. आणि कुणी उन्हात बरळायला लागलं, तर आधी ओलं कापड, मग गाडी.

गेल्या मे महिन्याच्या पानावर सहा गोल आहेत. त्यातले चार पहिल्या आठवड्यात नव्याने आलेल्या माणसांचे आहेत. यंदा नव्या माणसाच्या नावापुढे तो कामावर आल्याची तारीख लिहितो, आणि पाच दिवस पूर्ण होईपर्यंत त्याला दुपारच्या प्लेटांवर चढवत नाही.